कॉलेज बास्केटबॉल आणि ‘कोविड वर्ष’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल बघणारी मराठी मंडळी गेली काही वर्षं हेच प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवत आहेत. काहींची मुलं तिकडच्या शाळासंघांत खेळतात, काहींची इथून तिकडे जायचं म्हणतात आणि बाकीचे माझ्यासारखे मार्च उजाडला की झोप विसरणारे. खालची सगळी उत्तरं एनसीएएच्या (अमेरिकेतल्या कॉलेज खेळांचे नियम ठरवणारी संघटना) डिव्हिजन वनपुरती, म्हणजे सगळ्यात वरच्या गटापुरती आहेत. डिव्हिजन टू आणि थ्रीचे निर्णय वेगळे झाले, त्यांची इथे सरमिसळ केलेली नाही.

१. मुळात एखादा खेळाडू किती वर्षं खेळू शकतो?

महामारीच्या आधीचा नियम असा: पाच वर्षांच्या मुदतीत चार मोसम. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून कुठल्याही कॉलेजात नाव दाखल झालं की घड्याळ सुरू होतं आणि ते थांबत नाही. पाचवं वर्ष मोकळं ठेवलेलं असतं. दुखापत झाली, किंवा प्रशिक्षकाने पहिल्या वर्षी फक्त सरावाला ठेवलं, तर ते तिथे खर्ची पडतं. खेळाडूला मोसमभर न खेळवता पात्रता राखून ठेवण्याला रेडशर्ट म्हणतात.

बास्केटबॉलमध्ये एक गोष्ट फार कडक होती. अधिकृत सामन्यात एक सेकंद जरी मैदानावर उतरलात तरी एक मोसम संपला. अमेरिकन फुटबॉलला २०१८मध्ये चार सामन्यांची सूट मिळाली, बास्केटबॉलला महामारीच्या काळात तशी नव्हती. म्हणून बाकावरच्या नवख्या पोराला शेवटच्या मिनिटाला आत पाठवताना प्रशिक्षक दहादा विचार करायचे.

२. मग ‘कोविड वर्ष’ म्हणजे काय?

१४ ऑक्टोबर २०२० रोजी डिव्हिजन वन कौन्सिलने, म्हणजे त्या गटाचे नियम ठरवणाऱ्या समितीने, ठरवलं की २०२०-२१चा मोसम हिवाळी खेळांतल्या (बास्केटबॉल त्यातच येतं) कुणाच्याही पात्रतेत मोजायचा नाही. चार मोसमांपैकी एकही कमी झाला नाही आणि पाच वर्षांची मुदतही एक वर्षाने वाढली. हे दोन्ही भाग लक्षात ठेवा. नुसता मोसम परत दिला असता आणि घड्याळ तसंच चालू ठेवलं असतं, तर आधीच रेडशर्ट वापरून बसलेल्यांच्या हाती काहीच आलं नसतं.

निर्णय मोसम सुरू होण्याआधी झाला, हेही महत्त्वाचं. मोसमाची सुरुवात १० नोव्हेंबरवरून २५ नोव्हेंबर २०२०वर ढकलली होती. किती सामने होतील, कोण आजारी पडेल, कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यामुळे खेळाडूंना आधीच सांगितलं गेलं की या वर्षात काहीही झालं तरी तुमचं नुकसान होणार नाही.

३. पूर्ण मोसम खेळलेल्यालाही मिळालं का? आणि अजिबात न खेळलेल्याला?

दोघांनाही मिळालं. सगळे सामने खेळलेला, चार सामन्यांनंतर मोसम बंद पडलेला, घरी राहिलेला, सगळे सारखेच. अर्ज करावा लागला नाही, कारण दाखवावं लागलं नाही. अट एकच होती: २०२०-२१मध्ये तुम्ही खेळाडू-विद्यार्थी असायला हवं होतं. २०२१च्या शरदात पहिल्यांदा कॉलेजात आलेल्यांना ही सवलत नाही. त्यांच्या वाट्याला काय आलं, ते प्रश्न ८मध्ये आहे.

४. मार्चमधली राष्ट्रीय स्पर्धा तर २०२०मध्ये रद्द झाली. मग त्या वर्षीच्या सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या, खेळाडूंना का नाही मिळालं?

सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच आणि माझ्या मते यातला सगळ्यात मोठा अन्याय इथेच आहे.

११ मार्च २०२०च्या रात्री एनबीएने मोसम थांबवला आणि १२ मार्चला एनसीएएने पुरुषांची आणि महिलांची, दोन्ही राष्ट्रीय स्पर्धा रद्द केल्या. पुरुषांची स्पर्धा १९३९पासून चालू होती, ती एकदाही चुकली नव्हती. ३० मार्चला कौन्सिलने वसंत ऋतूतल्या खेळांना, म्हणजे बेसबॉल, सॉफ्टबॉल, ट्रॅक वगैरेंना, जादा मोसम दिला. बास्केटबॉलला नाकारला. कारण असं की बास्केटबॉलचे बहुतेक सामने झाले होते, फक्त शेवट राहिला होता.

हिशोबाच्या वहीत हे बरोबर दिसतं. पण कॉलेज बास्केटबॉलमध्ये तो शेवट म्हणजेच सगळं असतं. ओरेगनची सब्रिना आयनेस्कू डब्ल्यूएनबीएत (महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये) जायचं सोडून एका विजेतेपदासाठी चौथ्या वर्षाला परत आली होती. संघ ३१-२ (३१ विजय, २ पराभव) वर होता. साउथ कॅरोलायनाच्या महिला ३२-१ वर होत्या. पुरुषांत डेटनसारखं कॉलेज २९-२ वर होतं आणि असा संघ तिथे पुन्हा कधी जमेल सांगता येत नाही. या संघांतल्या सीनियरांना ना स्पर्धा मिळाली ना वर्ष. पुढच्या वर्षी ज्यांनी पूर्ण मोसम खेळून विजेतेपदही मिळवलं, त्यांना मात्र वर्ष परत मिळालं. कौन्सिलने ऑक्टोबरमध्ये जो मोठेपणा दाखवला तो मार्चमध्ये दाखवायला हवा होता.

५. कुणाचं कोविड वर्ष वापरलं गेलं, हे मोजायचं कसं?

खेळलेले सगळे मोसम मोजा आणि त्यातून २०२०-२१ वजा करा. उरलेले चार झाले की पात्रता संपली.

हंटर डिकिन्सन २०२०-२१मध्ये मिशिगनला आला. ते वर्ष धरायचं नाही. मग मिशिगनला दोन, कॅन्सासला दोन, झाले चार, २०२४-२५मध्ये संपला. नॉर्थ कॅरोलायनाचा आर्मांडो बेकॉट २०१९-२०ला आला, २०२०-२१ सोडून द्या, २०२३-२४ला संपला. दोघेही पाच-पाच वर्षं खेळले.

केटलिन क्लार्क आयोवाला २०२०-२१मध्ये आली. २०२४मध्ये ती गेली तेव्हा तिचे मोजलेले मोसम तीनच होते, म्हणजे चौथा शिल्लक ठेवून ती गेली. लोक ‘तिने कोविड वर्ष सोडलं’ म्हणतात. बोलायला ठीक आहे, पण कोविड वर्ष नावाची वेगळी पावती कुणाकडे नव्हती. २०२०-२१ मोजलं गेलं नाही, एवढंच.

६. काही जण सहा वर्षं खेळलेले दिसतात. ते कसं?

रेडशर्ट आणि कोविड वर्ष एकत्र आलं की सहा होतात. आयोवाचा जॉर्डन बोहॅनन २०१६-१७ला आला, २०१९-२०मध्ये कंबरेच्या दुखण्यामुळे मोसम अर्ध्यावर सोडून त्याने तो वैद्यकीय कारणाने परत मिळवला, पुढचं वर्ष मोजलं गेलं नाही आणि २०२१-२२मध्ये तो सहाव्या वर्षी खेळत होता.

दुखापतीची सूट सहज मिळत नाही. दुखापत मोसमाच्या पूर्वार्धात झालेली असावी लागते आणि तोवर साधारण ३० टक्क्यांहून जास्त सामने खेळलेले नसावे लागतात. यूकॉनच्या (कनेटिकट विद्यापीठाच्या) पेज बेकर्सचं उदाहरण यात सगळ्यात गुंतागुंतीचं आहे. २०२०-२१ मोजायचं नाही, २०२२-२३ गुडघ्याच्या दुखापतीत पूर्ण गेलं. म्हणजे २०२५मध्ये पाच वर्षं कॉलेजात काढून, साउथ कॅरोलायनाला ८२-५९ हरवून विजेतेपद घेतल्यावरही तिचा एक मोसम शिल्लक होता. तिने तो न वापरता व्यावसायिक खेळात पाऊल टाकलं.

७. पात्रता मिळाली म्हणजे कॉलेजने शिष्यवृत्ती द्यायलाच हवी होती का?

नाही, आणि अनेक घरांत इथेच गैरसमज झाला. एनसीएएने खेळायची परवानगी दिली, पैसे दिले नाहीत. जुन्या खेळाडूला ठेवायचं की नाही, ठेवलं तर पूर्ण शिष्यवृत्तीवर की अर्ध्या, हे कॉलेज ठरवत होतं. महामारीत तिकिटांचं उत्पन्न बुडालं होतं. त्यामुळे काही जणांना ‘तुझे आभार, पण जागा नाही’ असं ऐकावं लागलं.

तेव्हा पुरुष संघाला १३ आणि महिला संघाला १५ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. २०२१-२२ या एका वर्षापुरती सूट अशी होती की त्याच कॉलेजात परत आलेला सीनियर या आकड्यात धरायचा नाही. १३ अधिक दोन परतलेले, म्हणजे १५ चालतील. पण तो सीनियर दुसऱ्या कॉलेजात गेला तर तिथे नेहमीसारखा मोजला जायचा. आणि २०२२-२३पासून कोविड वर्षवाला असो की नसो, सगळे त्याच १३मध्ये. ही सूट एकाच वर्षात संपली, पण जादा पात्रतेचे खेळाडू पुढे चार मोसम येत राहिले. पुढच्या प्रश्नातली अडचण त्यातूनच उभी राहिली.

८. माझा मुलगा २०२१मध्ये हायस्कूल पास झाला. चांगला खेळत होता, तरी कुणी विचारलं नाही. त्याचंच काही कमी होतं का?

बहुतेक वेळा नाही, आणि हे त्या मुलांच्या आईवडिलांना मनापासून सांगावंसं वाटतं.

एक तर संघांत जागाच रिकाम्या झाल्या नाहीत. दर वर्षी सीनियरांची तुकडी बाहेर पडते आणि तेवढी पोरं आत येतात. २०२१मध्ये बाहेर पडणाऱ्यांतले बरेच थांबले. प्रशिक्षकासमोर एकीकडे २३ वर्षांचा, शंभर सामने खेळलेला गडी आणि दुसरीकडे १८ वर्षांचा मुलगा असेल, तर नोकरी टिकवायची असलेला प्रशिक्षक कुणाला घेईल हे वेगळं सांगायला नको.

दुसरं, १३ मार्च २०२० ते ३१ मे २०२१ या काळात प्रशिक्षकांना खेळाडूंना प्रत्यक्ष भेटायला पूर्ण बंदी होती. शाळेत जाऊन सामना बघणं नाही, मुलाला कॅम्पसवर बोलावणं नाही. जे काही व्हायचं ते फोनवर आणि व्हिडिओवर. आधीच नाव झालेल्यांचं निभावलं. अकरावी-बारावीत उंची वाढलेली, उशिरा बहरणारी मुलं कुणाच्या नजरेसच पडली नाहीत. त्यातच ट्रान्सफरचे, म्हणजे कॉलेज बदलण्याचे, नियम सैल झाले (प्रश्न १०). तीन गोष्टी एकाच वर्गावर एकदम कोसळल्या.

जादा वर्ष देण्याचा निर्णय मी चुकीचा मानत नाही. पण त्याची किंमत दाराबाहेर उभ्या असलेल्या मुलांनी मोजली आणि त्यांच्यासाठी कुणी काही केलं नाही. शिष्यवृत्तीच्या मर्यादेतली सूट निदान तीन वर्षं चालवली असती तरी बरीच मुलं आत आली असती.

९. पदवी मिळाल्यावरही खेळता येतं?

येतं, पण शिकत राहावं लागतं. कोविड वर्ष वापरणारे बहुतेक जण पदवीधर झालेले होते. ते पदव्युत्तर अभ्यासक्रमाला किंवा दुसऱ्या पदवीला नाव घालून खेळले. नुसतं संघात नाव ठेवून चालत नाही, दर सत्रात ठरलेले क्रेडिट पूर्ण करावे लागतात. व्हिलानोव्हाचे कॉलिन गिलेस्पी आणि जर्मेन सॅम्युअल्स असेच पाचव्या वर्षी थांबले आणि २०२२मध्ये संघ अंतिम चारांत पोचला. आयोवाचा लूका गार्झा मात्र थांबला नाही, २०२१च्या एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, गेला.

१०. पोर्टलमधून वाटेल तिथे जाता येणं, हाही कोविडचाच नियम ना?

नाही. ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, १५ ऑक्टोबर २०१८पासून आहे. तेव्हा बास्केटबॉलमध्ये कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसावं लागायचं. डिसेंबर २०२०मध्ये त्या मोसमापुरती सरसकट सूट मिळाली आणि एप्रिल २०२१मध्ये कायमचा बदल झाला: पदवी पूर्ण होईपर्यंत एकदा कॉलेज बदललं तर लगेच खेळता येईल. ही मागणी महामारीच्या आधीपासून चालू होती. दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा बदलण्यावरची अटही डिसेंबर २०२३च्या न्यायालयीन आदेशानंतर आणि एप्रिल २०२४च्या नव्या नियमानंतर गेली.

कोविड वर्ष आणि ही मोकळीक सहा महिन्यांच्या अंतराने आली, म्हणून लोक त्या एक समजतात. परिणाम मात्र खरोखर एकत्र झाला. हातात जादा वर्ष आणि जायला मोकळा रस्ता, त्यामुळे २०२१च्या उन्हाळ्यात कितीतरी संघ ओळखू येईनासे झाले.

११. जाहिरातींचे पैसे?

तोही वेगळा विषय. २१ जून २०२१ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑल्स्टन खटल्यात एनसीएएविरुद्ध ९-० असा निकाल दिला आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर आणि चेहऱ्यावर कमवायला मुभा मिळाली. कोविड वर्षाशी नातं इतकंच की त्यामुळे पाचव्या वर्षी कॉलेजात थांबणं परवडू लागलं. परदेशी विद्यार्थ्यांसाठी प्रश्न १६ बघा.

१२. आयव्ही लीगचं काय झालं?

हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आठ कॉलेजांच्या या लीगने १२ नोव्हेंबर २०२० रोजी हिवाळी मोसम रद्दच केला. त्यांची अडचण दुहेरी होती. एनसीएए वर्ष परत देत होती, पण आयव्ही लीगमध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्याला खेळताच येत नाही. म्हणजे सीनियरने पदवी घेतली की दार बंद. फेब्रुवारी २०२१मध्ये लीगने एकदाच अपवाद केला: त्या वर्षीचे सीनियर २०२१-२२मध्ये आपल्याच कॉलेजात पदव्युत्तर विद्यार्थी म्हणून खेळू शकतील. पण त्यासाठी तिथल्याच पदव्युत्तर शाखेत प्रवेश मिळायला हवा आणि तो काही खेळाच्या जोरावर मिळत नाही. काही जणांनी त्याआधीच एक वर्ष शिक्षण थांबवलं होतं, काही दुसरीकडे गेले.

१३. भीतीपोटी जे खेळले नाहीत, त्यांची शिष्यवृत्ती गेली का?

जायला नको होती. ऑगस्ट २०२०मध्ये एनसीएएने बजावलं होतं की कोविडच्या कारणाने माघार घेतली म्हणून शिष्यवृत्ती काढता किंवा कमी करता येणार नाही आणि ‘काही झालं तर आम्ही जबाबदार नाही’ अशा कागदावर खेळाडूची सहीही घेता येणार नाही. ड्यूकच्या महिला संघाने तर डिसेंबर २०२०मध्ये चार सामन्यांनंतर अख्खा मोसमच सोडला.

१४. संघात कुणी पॉझिटिव्ह निघालं तर सामना कसा व्हायचा?

मोसमात खेळाडू आणि प्रशिक्षकांची आठवड्यातून तीनदा चाचणी अशी शिफारस होती. एक जण सापडला की कित्येकदा सगळा संघ विलगीकरणात जायचा. म्हणून सामन्यांची कमाल संख्या २७ केली होती आणि राष्ट्रीय स्पर्धेसाठी किमान १३ सामने पुरत होते.

पुरुषांची २०२१ची सगळी स्पर्धा इंडियाना राज्यात झाली, महिलांची सॅन अँटोनिओ परिसरात. पुरुषांच्या स्पर्धेसाठी निघण्याआधी सलग सात दिवस चाचणी निगेटिव्ह हवी आणि पाच निरोगी खेळाडू असले की संघाने खेळायचं, असा नियम होता. बदली म्हणून लुईव्हिल, कोलोरॅडो स्टेट, सेंट लुइस आणि ओल मिस हे चार संघ तयार ठेवले होते, पण वेळापत्रक जाहीर झाल्यावर ४८ तासांपर्यंतच. व्हीसीयू (व्हर्जिनिया कॉमनवेल्थ) संघाला त्यानंतर फटका बसला. २० मार्चला ओरेगनविरुद्धचा सामना सुरू व्हायला काही तास असताना तो रद्द झाला आणि ओरेगन न खेळता पुढे गेलं. व्हीसीयूची पोरं इंडियानापोलिसहून चेंडूला हात न लावता परतली.

१५. पाच वर्षं खेळून केलेले विक्रम खरे धरायचे का?

अधिकृतपणे हो. २०२०-२१ पात्रतेत मोजलं नाही, पण त्यातले गुण, रिबाउंड, विजय सगळे मोजले.

वाद पेटला तो डेट्रॉइट मर्सीच्या अँटवान डेव्हिसमुळे. पीट मॅराव्हिचने एलएसयूसाठी (लुइसियाना स्टेट) ३,६६७ गुण केले होते, तेही तीन मोसमांत, ८३ सामन्यांत, तीन गुणांची रेषा नसताना. डेव्हिस पाच मोसम खेळून मार्च २०२३मध्ये ३,६६४वर थांबला. संघ लीगच्या स्पर्धेत हरला, पुढचं निमंत्रण आलं नाही आणि तीन गुण राहून गेले. पुढच्या वर्षी केटलिन क्लार्कने चार मोसमांत ३,९५१ केले, कोविड वर्षाचा वाद तिच्या बाबतीत उद्भवतच नाही. डेव्हिसला ‘फुकटच्या वर्षाचा’ म्हणून हिणवणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्याने नियमाबाहेर काहीच केलं नव्हतं आणि लहान कॉलेज सोडून तो कुठे गेलाही नव्हता. पण मॅराव्हिचशी तुलना करताना सामन्यांचा आकडा शेजारी लिहायलाच हवा.

१६. भारतीय विद्यार्थ्यांना काही वेगळे नियम होते का?

पात्रतेचे नियम तेच. अडचण व्हिसाची. ६ जुलै २०२०ला अमेरिकी सरकारने जाहीर केलं की पूर्ण ऑनलाइन शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना देशात राहता येणार नाही. १४ जुलैला, न्यायालयात आव्हान मिळाल्यावर, ते मागे घेतलं. त्या आठवड्यात पुण्या-मुंबईतल्या किती घरांत फोन वाजत राहिले असतील, हे ज्यांची मुलं तिकडे होती त्यांना ठाऊक आहे.

जाहिरातींच्या पैशांबाबत एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावाल्यांनी फार जपून राहावं. कॅम्पसबाहेर काम करायला या व्हिसावर कडक मर्यादा आहेत. केंटकीचा काँगोमधून आलेला ऑस्कर शीब्वे याने २०२२मध्ये संघ बहामासला गेला तेव्हा तिथे, म्हणजे अमेरिकेच्या हद्दीबाहेर, असे करार पूर्ण केले होते. सही करण्याआधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाला विचारा, प्रशिक्षकाला नव्हे.

१७. मुलगी बारावीनंतर दोन वर्षं इथे क्लबकडून खेळली. ती वर्षं कोविडमुळे माफ होतील का?

कोविडच्या सवलतीत तसं काही नव्हतं. बास्केटबॉलमध्ये शालेय शिक्षण संपल्यावर एका वर्षाची सूट असायची. त्यानंतर संघटित स्पर्धांत खेळलेलं प्रत्येक वर्ष चार मोसमांतून वजा व्हायचं. हे नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करताना एनसीएएच्या पात्रता केंद्राचा त्या वर्षीचा नियम वाचा. १६ मूलभूत विषय आणि किमान २.३ जीपीए (चारपैकी सरासरी गुणांक) लागतोच. एसएटी-एसीटी या प्रवेश परीक्षांची अट महामारीत स्थगित झाली आणि जानेवारी २०२३मध्ये एनसीएएने ती कायमची काढली, पण एखादं कॉलेज स्वतःच्या प्रवेशासाठी गुण मागू शकतं.

१८. कोविड वर्षवाले खेळाडू आता उरले आहेत का?

२०२०-२१मध्ये आलेला आणि मध्ये एकही वर्ष न थांबलेला शेवटचा खेळाडू २०२४-२५ला संपला. त्यानंतर दिसतो तो दुखापतीमुळे एखादं वर्ष बाहेर राहिलेला, बेकर्ससारखा (प्रश्न ६). पंचविशीतला एखादा खेळाडू दिसला की लगेच कोविडचं नाव घेऊ नका. काही जण बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजातली वर्षं मोजू नयेत म्हणून न्यायालयात गेले आहेत, तो वेगळा झगडा आहे. हाउस खटल्यातला (कॉलेजांनी खेळाडूंना थेट पैसे देण्याबाबतचा) समझोता स्वीकारलेल्या कॉलेजांत प्रश्न ७मधली १३ शिष्यवृत्त्यांची मर्यादाही १ जुलै २०२५पासून गेली. तिथे आता संपूर्ण संघच जास्तीत जास्त १५ जणांचा असतो. शिष्यवृत्तीशिवाय संघात राहून बाकावर बसणाऱ्या वॉक-ऑन पोरांच्या जागा त्यामुळे कमी झाल्या.